गिऱ्हाईक कार्बनचा हिशोब मागतंय. छोट्या मशीनशॉपने काय करायचं?

गोकुळशिरगाव_टर्निंग

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. सहा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी टर्निंग मशीन), एक व्हीएमसी (तसंच मिलिंगचं मशीन), वडिलांच्या काळातल्या दोन लेथ, 15 एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर आणि 62.5 केव्हीएचा जनसेट, म्हणजे डिझेल जनरेटर. दोन शिफ्ट चालतात, माणसं चौदा. कास्टिंग शिरोलीच्या फाउंड्रीतून येतं, आम्ही मशीनिंग करून पुण्याला पाठवतो.

आमच्या मुख्य गिऱ्हाईकाकडून मेल आलाय, सोबत एक्सेल शीट. त्यात स्कोप वन, स्कोप टू, स्कोप थ्री असे रकाने आणि शेवटी '2030 पर्यंत किती टक्के घट करणार' असा प्रश्न. परचेसला फोन केला तर म्हणाले, सगळ्या व्हेंडरना पाठवलंय, महिनाअखेर भरून द्या. एका कन्सल्टंटने हे सगळं करून द्यायचे पावणेदोन लाख सांगितले. शेजारचे शेडवाले म्हणतात, काहीतरी आकडे टाक आणि पाठव, कोण बघतंय. दुसरे एक जण म्हणाले, पन्नास झाडं लाव आणि फोटो जोड.

मला खोटं काही लिहून द्यायचं नाहीये. पण खरं सांगायचं तर चौदा माणसांच्या शॉपने कार्बन कमी करून काय फरक पडणार, हा प्रश्न मनात आहेच. जॉबवर्कचा रेट तसाच आहे आणि टूलिंगचा खर्च वाढतोय. त्यात हे नवीन. महिन्याला साधारण 9,000 युनिट वीज आणि 120 लिटर डिझेल लागतं. सुरुवात कुठून करू? थेट सोलरच बसवावं का? कुणी हे केलं असेल तर सविस्तर सांगा.


कुपवाड_वर्कशॉप

दादा, खोटं लिहायचं नाही म्हणालात म्हणून सविस्तर लिहितेय. आमचं कुपवाडला पंपाच्या पार्टचं मशीनिंग आहे. शॉपफ्लोअर आणि बिलं दोन्ही मीच बघते, आणि या हिशोबात आता काही वर्षं आहे.

आधी पावणेदोन लाख खिशातच ठेवा. तुमच्याएवढ्या शॉपचा स्कोप वन आणि टू काढायला महावितरणची बारा बिलं, डिझेलच्या पावत्या आणि एक कॅल्क्युलेटर लागतो. स्कोप वन म्हणजे आपल्या आवारात आपण जे जाळतो ते, तुमच्याकडे जनसेटचं डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 120 लिटरचे झाले 322 किलो. स्कोप टू म्हणजे विकत घेतलेली वीज. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे किती कार्बन, हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढतं, तो 0.7 किलोच्या थोडा वर असतो. मी 0.72 धरते. तुमच्या 9,000 युनिटचे झाले जवळपास साडेसहा टन. दोन्ही मिळून महिन्याला 6.8 टन, वर्षाला ऐंशी टनांच्या वर. शीटमधले पहिले दोन रकाने इथेच भरले.

आता या दोन आकड्यांकडे नीट बघा. धूर दिसतो डिझेलचा, पण ते वीसातला एक हिस्सा आहे. बाकीचे एकोणीस तारेतून येतात आणि शॉपमध्ये कुणाला दिसत नाहीत. काम तिथे आहे.

स्कोप वनमध्ये अजून एक गोष्ट येते जी बहुतेकजण सोडून देतात: एसीचा गॅस. सीएनसीच्या पॅनेलला एसी असतात, ऑफिसला असतो, दर उन्हाळ्यात मेकॅनिक येऊन 'गॅस टॉपअप' करून जातो. टॉपअप लागला म्हणजे आधीचा हवेत गेला. आर-410ए गॅसचा एक किलो हवेत गेला तर तो दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडएवढा तापवतो, म्हणजे तुमचं सहा महिन्यांचं डिझेल. मेकॅनिकला गळती शोधून ब्रेझिंग करायला लावा, मगच गॅस भरू द्या. पावतीवर किती ग्रॅम भरला तेही लिहून घ्या.

झाडांचं बोलते. झाडं लावा, शेडच्या पश्चिमेला तर नक्की लावा, दुपारचं ऊन अडेल. पण पूर्ण वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने वीस-पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड ओढतं. तुमच्या ऐंशी टनांना तीन-चार हजार मोठी झाडं हवीत. पन्नास रोपांचा फोटो जोडणं म्हणजे गिऱ्हाईकाला आणि स्वतःलाही फसवणं.

सोलर आधी नको. आधी कॉम्प्रेसर. मशीनशॉपमध्ये सगळ्यात महाग वस्तू कुठली तर ती नळीतली हवा. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला कसाबसा दहावा भाग हवेच्या रूपाने कामाला येतो, बाकी सगळी उष्णता होऊन जाते. आणि आपण ती हवा कशाला वापरतो? जॉबवरची बर (धातूचा कीस) उडवायला, टेबल झाडायला, शिफ्ट सुटताना कपडे झाडायला. कपडे झाडणं तर आधी बंद करा, डोळ्यात किंवा कातडीत कण घुसतो. बऱ्याच शॉपमध्ये एअर गन मोडली की तांब्याची नळी चेपून लावतात. तिला पुढे नोझल नसतं, भोक मोठं, हवा दुप्पट जाते. चांगली नोझलवाली गन काही शे रुपयांत येते. प्रत्येक मशीनला एक द्या आणि शेजारी ब्रश टांगा. टेबलावरची बर ब्रशनेच काढायची.

गळती किती आहे हे काढायला पैसे लागत नाहीत. सुट्टीच्या दिवशी शॉपवर जा. सगळी मशीन बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू, लाइनचे सगळे व्हॉल्व्ह उघडे. हवा कुणीच वापरत नाहीये, तरी कॉम्प्रेसर थोड्या थोड्या वेळाने लोड घेईल, म्हणजे हवा भरायला लागेल. मोबाइलवर वेळ लावा: किती सेकंद लोडवर, किती सेकंद अनलोडवर. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, ती तुमची गळती. लक्ष न दिलेल्या लाइनवर वीस-तीस टक्के सर्रास निघते. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन कपलिंग, पीयू ट्यूबचे जोड, एफआरएलचे (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटरचे) ड्रेन तपासत जा, बुडबुडे आले तिथे खडूने खूण करा. सेटिंगही बघा. दाब आठ बारवर ठेवलेला असेल तर मशीनच्या मॅन्युअलमध्ये किती लिहिलंय ते वाचा, बहुतेकांना सहा पुरतात. एक बार उतरवला की कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्क्यांनी उतरते.

त्यानंतर रिकामी चालणारी मशीन. क्लॅम्प मीटर घेऊन स्वतः मोजा. जेवणाच्या सुट्टीत स्पिंडल थांबलेलं असतं, पण हायड्रॉलिक पॉवरपॅक, कूलंट पंप, चिप कन्व्हेयर, पॅनेलचा एसी चालूच. आमच्याकडे एकेक मशीन नुसतं उभं राहून दीड-दोन किलोवॅट खात होतं. ऑपरेटरला दोष देऊ नका, बंद केलं की पुन्हा होमिंग (मशीन मूळ जागी आणणं), वॉर्मअप करावं लागतं म्हणून तो चालू ठेवतो. बहुतेक कंट्रोलमध्ये ठराविक मिनिटं सायकल नसली की पॉवरपॅक आपोआप बंद करायची सोय असते, सर्व्हिस इंजिनिअरला सांगून ती चालू करून घ्या.

जळालेली मोटर किती वेळा रिवाइंड करायची, याचाही विचार करा. प्रत्येक रिवाइंडिंगला कार्यक्षमता थोडी घसरते, आणि रोज सोळा तास फिरणाऱ्या मोटरीची किंमत तिच्या विजेपुढे किरकोळ असते. तीनदा रिवाइंड झालेली काढून आयई-3 दर्जाची, म्हणजे कमी वीज खाणारी टाका. कॅपॅसिटर बँक नीट ठेवली तर पॉवर फॅक्टर सुधारून बिल कमी येतं, ते जरूर करा. पण कार्बनच्या रकान्यात त्याने विशेष फरक पडत नाही, कुणी विकायला आलं तर हे लक्षात असू द्या.

आणि 'काय फरक पडणार' याचं उत्तर. परचेसचं कारण सरळ आहे. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यात पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय, त्यामुळे मोठे कारखाने आता खाली व्हेंडरकडे विचारत येतात. आज माहिती मागतात, पुढे दोन कोटेशन सारखी आली तर हे बघतील.

पण माझ्यासाठी कारण तेवढंच नाही. ऑगस्ट 2019 ला आणि पुन्हा जुलै 2021 ला सांगलीत कृष्णा शहरात शिरली. माझ्या दोन ऑपरेटरांची घरं पाण्यात गेली. तिकडे शिरोलीजवळ महामार्ग दोन्ही वर्षी पाण्याखाली होता, तुमचाही माल अडकला असेल. एक पूर म्हणजे हवामानबदल असं मी म्हणत नाही, धरणांचा विसर्ग आहे, नदीपात्रातली बांधकामं आहेत. पण हवा एका अंशाने तापली की ती सातेक टक्के जास्त बाष्प धरते, हे साधं भौतिकशास्त्र आहे, आणि पडायचं ते मग एकदम पडतं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली सेकंड शिफ्टचा पोरगा घामाने निथळत उभा असतो, तेव्हा ऐंशी टन हा मला छोटा आकडा वाटत नाही. आपल्यासारखी शॉप प्रत्येक एमआयडीसीत रांगेने उभी आहेत, आणि प्रत्येकाच्या नळीतून हवा गळतेय.


शिरोली_मेल्टिंग

ताईंनी विजेचं छान सांगितलंय. मी फाउंड्रीच्या बाजूने एक भर घालतो, कारण स्कोप थ्रीचा, म्हणजे विकत घेतलेल्या मालासारख्या आपल्या आवाराबाहेरच्या कार्बनचा, रकाना रिकामा राहिलाय आणि मशीनशॉपसाठी तोच सगळ्यात मोठा असतो.

तुमच्याकडे येणारं कास्टिंग हाच तुमचा मोठा कार्बन आहे. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला 600 युनिटच्या आसपास वीज लागते. पण ओतलेल्या टनातून चांगलं कास्टिंग साधारण 600-650 किलोच मिळतं, बाकी रनर-रायझर (साच्याच्या वाटेत गोठलेलं लोखंड) परत भट्टीत. म्हणजे तुमच्या दारात आलेल्या एका टन कास्टिंगमागे नुसत्या वितळवण्याचेच 900 ते 1,000 युनिट लागलेले असतात. चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकलेल्या मालात, पिग आयर्न किती आणि स्क्रॅप किती यावर आणखी फरक पडतो. पिग आयर्न ब्लास्ट फर्नेसमधून कोकवर येतं, त्याच्या एका टनामागे दोन टनांच्या आसपास कार्बन धरावा लागतो. स्क्रॅप त्यामानाने खूपच हलकं.

म्हणून रिजेक्शन बघा. फायनल बोअर मारताना ब्लोहोल (कास्टिंगमधली हवेची पोकळी) उघडं पडलं की आमचं मेल्टिंग, मोल्डिंग, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई), तुमचं रफिंग, फिनिशिंग, सगळी वीज गेली आणि तो पीस पुन्हा भट्टीत. एक टक्का रिजेक्शन कमी झालं तर तो एक टक्का सगळ्या साखळीत वाचतो. आमच्याकडे एक मशीनशॉप रिजेक्ट पीसवर ब्लोहोल कुठल्या बाजूला आलं ते मार्करने गोल करून, हीट नंबरसकट (कुठल्या वितळवणीतला पीस तो नंबर) फोटो पाठवतं. त्यावरून आम्ही एका पॅटर्नचं व्हेंटिंग (साच्यातून वायू जायची वाट) बदललं आणि त्या पार्टचं रिजेक्शन अर्ध्यावर आलं. बाकीची शॉप नुसता डेबिट नोट पाठवतात. डेबिट नोटवरून आम्हाला काही कळत नाही.

तुमच्या फाउंड्रीला तीन गोष्टी विचारा: टनामागे किती युनिट, यील्ड किती, चार्जमध्ये स्क्रॅप किती टक्के. चांगला फाउंड्रीवाला हे तोंडपाठ सांगेल. मिळालेले आकडे आणि कुणाकडून मिळाले ते लिहा, स्कोप थ्रीची सुरुवात तेवढ्याने होते.


स्टुटगार्ट_परचेस

मी मूळ इचलकरंजीचा, इथे एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. युरोपच्या सीमेवरच्या कार्बन कराबद्दल भारतातल्या छोट्या पुरवठादारांमध्ये बरीच भीती आणि तेवढीच चुकीची माहिती दिसते, म्हणून लिहितो.

त्याला सीबॅम म्हणतात. ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती द्यायचा टप्पा होता, 1 जानेवारी 2026 पासून खरा टप्पा सुरू झालाय. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज एवढ्याच गोष्टी त्यात आहेत. पोलादात नुसत्या प्लेट-बार नाहीत, नट-बोल्ट-स्क्रूही आहेत. पण गाडीचे पार्ट म्हणून जे वेगळ्या कोडखाली जातात ते मूळ यादीत नाहीत. त्यामुळे 'आपला पार्ट लोखंडाचा आहे म्हणजे कर लागणार' असं गृहीत धरू नका, एक्स्पोर्ट इन्व्हॉइसवरचा आठ आकडी कोड बघा. कर भरायचा तो इथल्या आयातदाराने, आणि वर्षाला 50 टनांच्या आत माल आणणारा छोटा आयातदार त्यातून बाहेर ठेवलाय.

यादीतला माल बनवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: पोलादाच्या बाबतीत सध्या विजेचा कार्बन यात मोजत नाहीत, थेट जळण आणि आत आलेलं पोलाद मोजतात. म्हणजे बोल्ट बनवणाऱ्याने सोलर लावलं तरी या कराच्या हिशोबात फरक पडत नाही, त्याने बार कुठल्या मिलचा घेतला याने पडतो. मिलकडून खरा आकडा आला नाही तर ठरावीक आकडा लागतो, तो मुद्दाम चढा ठेवलाय. टेस्ट सर्टिफिकेट मागता तसं मिलकडे हेही मागायला सुरुवात करा.

आणि एक विनंती. अंदाजाने भरलेला आकडा आम्हाला लगेच ओळखू येतो. दहा व्हेंडरची शीट शेजारी ठेवली की विजेचा एकही युनिट न दाखवणारा मशीनशॉपवाला उठून दिसतो. त्यापेक्षा 'हे मोजलं, हे अजून मोजायचं आहे' असं लिहिणाऱ्यावर माझा विश्वास बसतो.


गोकुळशिरगाव_टर्निंग

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, सुट्टीच्या दिवशी ती टेस्ट केली. लोडवर 70 सेकंद, अनलोडवर 160 सेकंद. म्हणजे गळती तीस टक्के! 11 किलोवॅटच्या तीस टक्के, दिवसाचे सोळा तास, महिन्याचे सव्वीस दिवस, असा हिशोब केला तर जवळजवळ 1,400 युनिट होतात. आमच्याकडे सगळे आकार धरून युनिट साडेनऊच्या आसपास पडतं, म्हणजे महिन्याला तेरा हजार रुपये हवेत. पाणी लावून बघितलं तर व्हीएमसीच्या मागची कपलिंग आणि जुन्या लेथकडे गेलेली लाइन, जिथे आता कुणी हवा वापरतच नाही, तिथून सगळ्यात जास्त जातेय.

शिरोलीच्या साहेबांचं रिजेक्शनचं पटलं. फाउंड्रीला फोटो पाठवायला कालपासून सुरुवात केली.

आता सोलरचं विचारतो. शेड भाड्याचं आहे, छतावर सिमेंटचे जुने पत्रे. तीसेक किलोवॅट बसवावं का? कर्जाला काही सवलत आहे का?


कुपवाड_वर्कशॉप

दादा, छान केलंत. फक्त 1,400 सगळे वाचतील असं धरू नका. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर असतानाही मोटर फिरते आणि तीसेक टक्के वीज घेतेच. गळती काढल्यावर हजाराच्या आसपास युनिट बिलातून जातील. तरी तो महिन्याला 700 किलो कार्बन झाला, तुमच्या सगळ्या डिझेलच्या दुप्पट. लेथकडे जाणाऱ्या लाइनला मुळाशीच बॉल व्हॉल्व्ह टाकून बंद करा. पुढेमागे कॉम्प्रेसर बदलायची वेळ आली तर गळती काढल्यानंतरची गरज मोजून व्हीएफडीवाला, म्हणजे गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा घ्या. आत्ताच्या गरजेवर घेतला तर गळतीसाठी मशीन विकत घेतल्यासारखं होईल.

सोलर. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा, जून ते सप्टेंबर बरेच कमी, उन्हाळ्यात जास्त. तीस किलोवॅटचे महिन्याला 3,600 युनिट, म्हणजे अडीच टनांच्या वर कार्बन. तुमची पहिली शिफ्ट भर उन्हात चालते, त्यामुळे बरीचशी वीज जागेवरच वापरली जाईल. पण तीस किलोवॅटला तीन हजार चौरस फूट सावली नसलेलं छत लागतं, आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर माणूस चढवणंच धोक्याचं आहे. ट्रस वजन आणि वारा पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. ते पत्रे अॅस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता धरून चाला, त्यात भोकं पाडू नका. पत्रे बदलायचेच ठरले तर मालकाशी बोला: तुम्ही सोलरचा खर्च करा, त्यांनी छताचा करावा, आणि भाडेकरार पॅनेलची किंमत वसूल होईल एवढा लांब करून रजिस्टर करावा. मालक नाही म्हणाले तर छताच्या नादी लागू नका. महावितरणकडून जादा दर देऊन हरित वीज घेता येते, शीटमध्ये ती दाखवता येते. पण त्याने शॉपची वीज कमी होत नाही, फक्त कुठून आली ते बदलतं, म्हणून माझ्या लेखी ते शेवटचं.

कर्जाचं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची 'अदिती' नावाची योजना 2025 मध्ये सुरू झालीय. कमी वीज खाणारी यंत्रणा बसवायला घेतलेल्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात पाच टक्के आणि मध्यम उद्योगांना तीन टक्के सवलत आहे. ठरावीक उद्योगक्षेत्रं आणि क्लस्टर घेतलेत, आपलं बसतं का ते त्यांच्या पोर्टलवर बघा. एनर्जी ऑडिटसाठी पुण्याच्या मेडाकडे (राज्याची ऊर्जा विकास संस्था) विचारा, मान्यताप्राप्त ऑडिटरची यादी त्यांच्याकडे मिळते. कन्सल्टंटला द्यायचे ते पैसे एका चांगल्या ऑडिटला दिलेत तर तो मीटर लावून मशीनवार मोजून देईल.

आणि शीटमधला 2030 चा रकाना. तिथे गोल आकडा टाकू नका. 'गळती 30 वरून 10 टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांत', 'रिकाम्या मशीनचा पॉवरपॅक ऑटो-ऑफ, या वर्षात', 'छताचा निर्णय मालकाशी बोलून पुढच्या वर्षी' असं लिहा. महिन्याचे युनिट भागिले त्या महिन्यात गेलेल्या पीसचं वजन, म्हणजे किलोमागे युनिट, हाही एक रकाना स्वतःसाठी ठेवा. ऑर्डर वाढली की एकूण वीज वाढणारच, तेव्हा खरी सुधारणा या आकड्यात दिसते. ऑपरेटरांना तो बोर्डावर लिहून दाखवा. आमच्याकडे गळतीचा आवाज सगळ्यात आधी सेकंड शिफ्टच्या पोरांना ऐकू येतो, कारण रात्री शेजारची शेड बंद असतात.